ॲम्ब्युलन्स-फायर ब्रिगेडवाल्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सरकारी पैसा मागायचा, पण नेमका कशावर?

शिफ्ट_सी

नमस्कार मंडळी. मी ॲम्ब्युलन्सवर आहे आणि युनियनची लिखापढी पण माझ्याच गळ्यात असते. आता वरून विचारणा आलीये की फ्रंटलाइन स्टाफच्या मानसिक आरोग्यासाठी पुढच्या बजेटमध्ये काहीतरी तरतूद करायचा विचार आहे, तर तुमचं म्हणणं लेखी द्या. एरवी चहाच्या टेबलावर तासभर बोलणारे लोक लेखी म्हटल्यावर एकदम गप्प. मीटिंगमध्ये ज्या सूचना आल्या त्या म्हणजे हेल्पलाइन, मेडिटेशनचं शिबिर आणि एखादा मोटिव्हेशनल स्पीकर बोलवा.

हेल्पलाइनचा नंबर आत्ताही भिंतीवर चिकटवलेला आहे, कडा पिवळ्या पडल्यात त्याच्या. त्यावर कोणी फोन केल्याचं माझ्या तरी कानावर नाही, आणि केला असेल तरी येऊन सांगणार कोण म्हणा. शिबिराला ड्युटीवाले जाऊच शकत नाहीत, ऑफिसातले जातात आणि फोटो काढून येतात.

एकाने तर तिथेच विचारलं की सरकारने वेगळा पैसा द्यायचाच कशाला, विमा आहे ना. आणि खरा घोळ असा की आमच्यातले बरेच जण ठेकेदाराकडून आहेत, म्हणजे गाडी तीच, कॉल तोच, पेशंट तोच, पण कागदावर ते डिपार्टमेंटचे नाहीतच.

तर दोन गोष्टी सांगा. पैसा मागायचा तर कशावर मागू, आणि बाहेर कुठे काय करून बघितलंय ज्याचा दाखला देता येईल? शिवाय मोठ्या कॉलनंतर सगळ्यांना बसवून बोलायला लावायचं ते डिब्रीफिंग, त्याबद्दल एक जण म्हणतो रामबाण आहे आणि दुसरा म्हणतो उलटा त्रास होतो. खरं काय?

जुनी_शिडी

फायर सर्व्हिसमधून रिटायर झालोय, म्हणून आता मोकळेपणाने लिहू शकतो.

सगळ्यात आधी वेळ माग. हो, वेळ. कॉल झाला, पेशंट हॉस्पिटलात दिला, की स्ट्रेचर पुसेपर्यंत कंट्रोल विचारतं की रेडी का. रेडी म्हटलं नाही की रिस्पॉन्स टाइमचा रिपोर्ट बिघडतो, मग वरिष्ठांना उत्तर द्यायला लागतं, म्हणून क्रू हातमोजे बदलतो आणि रेडी म्हणतो. आत काय चाललंय त्याचा रकानाच नाही कुठे. लहान मुलाचा कॉल झाल्यावर लगेच पुढचा कॉल घेतलेली माणसं मी बघितलीत, कामात काहीही चूक होत नाही त्यांची, अगदी व्यवस्थित करतात, आणि मग महिनाभराने घरी क्षुल्लक गोष्टीवरून भांडी फेकतात.

आता क्रूला तासभर थांबवायचं तर त्यांच्या जागी दुसरा क्रू पाहिजे. दुसरा क्रू म्हणजे माणसं, म्हणजे पगार, म्हणजे बजेट. हे मानसिक आरोग्याच्या नावाखाली कोणी लिहीतच नाही, सगळे समुपदेशक समुपदेशक करत बसतात. समुपदेशक पाहिजेच रे बाबा, पण त्याच्याकडे जायला सुट्टी कोण देणार? त्यामुळे तुझ्या कागदात पहिली ओळ रिलीफ स्टाफची असू दे. वरचे म्हणतील हा विषय वेगळा, तर म्हणावं नाही, हाच विषय.

बाकी डिब्रीफिंगचं जाणकार सांगतील. आमच्या वेळी होतं ते म्हणजे साहेब सगळ्यांना गोल उभं करायचे आणि विचारायचे, ठीक आहे ना सगळे? सगळे म्हणायचे येस सर.

मनाची_डागडुजी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, युनिफॉर्मवाले पेशंट बरेच येतात माझ्याकडे म्हणून लिहिते.

आधी डिब्रीफिंग. ज्याची चर्चा होते ती पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली, ते स्वतः आधी फायरफायटर-पॅरामेडिक होते. घटनेनंतर थोड्या दिवसांत ग्रुपला बसवायचं आणि ठरलेल्या सात टप्प्यांतून काय घडलं, काय वाटलं ते बोलून घ्यायचं. ऐकायला छान वाटतं म्हणून जगभर पसरली. पण नंतर एकाच बैठकीच्या डिब्रीफिंगचे नीट ट्रायल झाले, ते एकत्र करून कॉक्रेनने, म्हणजे असे ट्रायल तपासून निष्कर्ष काढणाऱ्या संस्थेने, जो रिव्ह्यू काढला त्यात निघालं की त्याने पीटीएसडी (भयंकर घटनेनंतर पाठ न सोडणारा मानसिक आजार) टळतो असा पुरावा नाही, आणि एका ट्रायलमध्ये तर वर्षभरानंतर डिब्रीफिंग झालेल्यांची अवस्था न झालेल्यांपेक्षा वाईट होती. उपचार कसे करावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००५ च्या गाइडलाइनमध्येच सरसकट डिब्रीफिंग करू नका असं लिहिलं. आता मिचेल यांच्या बाजूचे लोक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, की त्या ट्रायलमधले बरेच जण भाजलेले किंवा अपघातात सापडलेले एकेकटे पेशंट होते, एकत्र काम करणारा क्रू नव्हता, आणि मूळ पद्धत एकट्या माणसासाठी नव्हतीच. ते मान्य करूनही सरकारी पैशातून सक्तीचं डिब्रीफिंग मागावं असं मी म्हणणार नाही. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलायला लावणं हाच त्यातला वाईट भाग.

म्हणजे मोठ्या कॉलनंतर काहीच करायचं नाही असं नाही हं. चहा-पाणी, घरी सोडायची सोय, उद्या ड्युटी जमेल का हे विचारणं, आणि पुढचे काही आठवडे कोणीतरी लक्ष ठेवणं. ब्रिटिश रॉयल मरीन्समध्ये ट्रिम नावाची पद्धत सुरू झाली, ती नंतर तिथल्या पोलिस, ॲम्ब्युलन्समध्येही आली. त्यात डॉक्टर नसतो, आपल्यातलाच ट्रेनिंग घेतलेला सहकारी असतो, तो घटनेनंतर साधारण तीन दिवसांनी आणि मग महिन्याभराने बोलतो, आणि महिन्यानंतरही माणूस त्यातून बाहेर येत नसेल तर पुढे पाठवतो. ही थेरपी नव्हे, ज्याला गरज आहे तो नजरेतून सुटू नये एवढाच हेतू. पण ह्या सहकाऱ्याला ट्रेनिंग लागतं, त्या कामासाठी ड्युटीतून मोकळीक लागते, नाहीतर तो बिचारा स्वतःच्या ऑफच्या दिवशी दुसऱ्यांची दुःखं ऐकत बसतो आणि वर्षभरात स्वतःच माझ्याकडे येतो.

आणि ज्याला खरंच पीटीएसडी झालाय त्याला गप्पा पुरत नाहीत. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी किंवा ईएमडीआर, म्हणजे बऱ्याच सेशनची, ठरलेल्या पद्धतीची ट्रीटमेंट, ती पण ज्याला ती करता येते अशाच माणसाकडून. इथेच पैसा कमी पडतो. स्कीममध्ये तीन-चार सेशन मंजूर असतात, पेशंट जेमतेम विश्वास ठेवून बोलायला लागतो तोवर मंजुरी संपते, आणि मग तो अर्धवट उघडलेल्या जखमेसकट ड्युटीवर परत. त्यापेक्षा सुरूच केलं नसतं तर बरं असं म्हणायची वेळ येते. त्यामुळे सेशनची संख्या आधीच बांधून घालू नका, ट्रीटमेंट पूर्ण होईपर्यंत असं लिहा.

सरळ_प्रश्न

थोडं कडू लिहितो, राग मानू नका. टॅक्स सगळे भरतात. नर्सला ट्रॉमा नाही का, गटार साफ करणाऱ्याला नाही का, रेल्वे ड्रायव्हरसमोर माणूस उडी मारतो त्याचं काय? ह्यांनाच वेगळी तरतूद का? नोकरी घेताना माहीत होतं ना काय असतं ते. आणि उद्या कोणीही उठून म्हणेल मला झोप लागत नाही, मला पैसे द्या, ते तपासणार कसं? विमा असताना वेगळं खातं उघडलं की त्यात कन्सल्टंट आणि एनजीओ पोट भरणार, फायरमनपर्यंत काही पोचणार नाही.

कंट्रोलरूमवाली

सरळ दादा, शेवटच्या वाक्याशी सहमत. बाकीच्याशी नाही.

मी कॉल घेते. माहीत होतं का नोकरी घेताना, तर हो, फोन येणार हे माहीत होतं. फोनवर एक बाई नवऱ्याच्या छातीवर दाब देतीये, मी आकडे मोजतीये तिच्याबरोबर, तिला दम लागलाय, ती मध्येच म्हणते ताई थांबू का, मी म्हणते थांबू नका. मग मागून दार उघडल्याचा आवाज येतो, क्रू आत येतो, आणि फोन कट. संपलं. तो माणूस वाचला का ते मला कधीच कळत नाही, विचारायचा रस्ताच नाही सिस्टीममध्ये, आणि पुढचा कॉल लाइनवर असतो. असं रोज. आणि ह्या सगळ्या चर्चेत इमर्जन्सी वर्कर म्हटलं की गाडीवरचे धरतात, आम्ही क्लार्क.

शिफ्ट_सी, तुमच्या कागदात आम्हाला घ्या एवढं सांगायला लिहिलं. पीटीएसडीचं नाव अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या डीएसएम पुस्तकात १९८० ला आलं पण २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी साफ लिहिलं की कामाचा भाग म्हणून भयंकर गोष्टींचे तपशील पुन्हा पुन्हा समोर येणं हे पण धरायचं, आणि उदाहरण म्हणून मानवी अवशेष गोळा करणारे पहिले मदतनीस आणि बालअत्याचाराचे तपशील सतत हाताळणारे पोलिस दिलेत. म्हणजे प्रत्यक्ष मार लागायला पाहिजे असं नाही. तरी आमच्याकडे फॉर्मवर विचारतात, घटनास्थळी हजर होतात का? नव्हते. मग रिजेक्ट.

अजून एक, पैसा खर्च न करता होणारी गोष्ट: कॉलचं पुढे काय झालं ते ज्याला हवंय त्याला कळवा. वाईट असलं तरी चालेल. न कळणं जास्त खातं.

हिशोबी_माणूस

मी सरकारी वित्त विभागात आयुष्य काढलंय त्यामुळे मानसिक आरोग्यातलं मला फार कळत नाही, पण पैसा कसा मंजूर होतो आणि कसा बुडतो ते कळतं.

आधी सरळ_प्रश्न यांना. वेगळी तरतूद का, तर हा आजार कामातून होतो आणि काम करून घेणारं सरकार आहे म्हणून. शिडीवरून पडून पाय मोडला तर आपण विचारत नाही की नोकरी घेताना शिडी माहीत नव्हती का. नर्स आणि रेल्वे ड्रायव्हरचा मुद्दा बरोबर आहे, त्याचं उत्तर त्यांनाही घ्या असं आहे, ह्यांना काढा असं नाही. किती जणांना होतो ह्याचे आकडे बाहेर आहेत. ऑस्ट्रेलियात बियॉन्ड ब्लू संस्थेने २०१८ मध्ये पोलिस, फायर, ॲम्ब्युलन्स वगैरे मिळून २१ हजारांहून जास्त लोकांचा सर्व्हे केला, तर तिघांत एकाला मोठा मानसिक ताण निघाला, तिथल्या सर्वसाधारण प्रौढांमध्ये तेच प्रमाण आठात एक. कॅनडात २०१८ च्या एका अभ्यासात ४४.५ टक्के लोक कुठल्यातरी मानसिक आजाराच्या स्क्रीनिंगमध्ये पॉझिटिव्ह आले. अर्थात स्क्रीनिंग म्हणजे डॉक्टरने केलेलं निदान नव्हे, आणि प्रश्नावली भरायला कोण पुढे येतं त्यावरही आकडा हलतो, हे कागदात प्रामाणिकपणे लिहा, नाहीतर वित्तवाले तिथेच पकडतील.

तपासणार कसं हा प्रश्न मात्र मला उलटा दिसतो. त्याच ऑस्ट्रेलियन सर्व्हेत ज्यांनी भरपाईचा क्लेम केला होता त्यांच्यातल्या चारातल्या तिघांनी सांगितलं की क्लेमच्या प्रक्रियेनेच आमचं बरं होणं लांबलं. पुन्हा पुन्हा पुरावा द्या, कुठल्या कॉलने झालं ते सांगा. अहो वीस वर्षांच्या कॉलमधला कुठला सांगणार? कॅनडाच्या ओंटारियो प्रांताने २०१६ ला कायदा करून हे उलटं केलं, म्हणजे फर्स्ट रिस्पॉन्डरला पीटीएसडीचं निदान रीतसर झालं की तो कामामुळेच झाला असं धरायचं, नाही म्हणायचं असेल तर पुरावा समोरच्याने द्यायचा. निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञच करणार, त्यामुळे कोणीही उठून झोप लागत नाही म्हणाला की पैसे, असं होत नाही. विम्याचं उत्तर पण ह्यातच आलं, विमा बिल भरतो पण आधी ते कामामुळे आहे का यावर भांडतो.

आता खरा मुद्दा. तुम्ही एकदाच मिळणारा निधी मागू नका. ब्रिटनमध्ये बँकांना लायबॉर (बँकांच्या व्याजदराच्या) घोटाळ्यात दंड झाला, त्या दंडाच्या पैशातून माइंड संस्थेने २०१५ ला ब्लू लाइट नावाचा कार्यक्रम चालू केला, खास इमर्जन्सीवाल्यांसाठी. काम चांगलं झालं असंच म्हणतात, हेल्पलाइन होती, मॅनेजरना ट्रेनिंग होतं, पण दंडाचा पैसा तो दंडाचा पैसा, दरवर्षी थोडाच येणार, २०१९ ला इंग्लंडमधला कार्यक्रम आटोपला. याच्या अगदी उलट अमेरिकेतला झड्रोगा कायदा. ११ सप्टेंबरच्या ढिगाऱ्यावर काम केलेल्यांसाठीचा, जानेवारी २०११ मध्ये सही झाली, पीटीएसडी पण त्यात धरलाय, आणि २०१५ मध्ये आरोग्य कार्यक्रमाची मुदत थेट २०९० पर्यंत वाढवली. म्हणजे त्यातला सगळ्यात तरुण माणूस म्हातारा होऊन जाईपर्यंत. पण हे मिळवायला आजारी फायरमनना वर्षानुवर्षं वॉशिंग्टनला खेपा घालायला लागल्या हेही खरं.

म्हणून लिहा: नियमित खर्चात स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमध्ये ह्याच कामाचं वेगळं खातं, दरवर्षी. प्रशिक्षण किंवा कल्याण असल्या मोठ्या शीर्षाखाली घालू दिलंत तर वर्षअखेरीला त्यातून खुर्च्या येतील, लिहून ठेवा. आणि ठेकेदाराच्या माणसांचा घोळ आहे ना, तो टेंडरमध्येच सोडवायचा. पात्रता कामावरून ठरेल, मालक कोण यावरून नाही, असं एक वाक्य पाहिजे, आणि पैसा ठेकेदाराच्या हातात न देता सेवा देणाऱ्याला थेट. व्हॉलंटियर असतील तर तेही, अमेरिकेत निम्म्याहून जास्त फायरफायटर व्हॉलंटियर आहेत, त्यांना कुठलाच पगार नाही मग पगारावर आधारलेली स्कीम त्यांना लागू कशी होणार.

सरळ_प्रश्न

पुरावा समोरच्याने द्यायचा हा मुद्दा पटला. एनजीओवाल्यांचं काय ते सांगा पण. आणि एवढा खर्च करून सरकारला मिळतं काय?

हिशोबी_माणूस

डब्ल्यूएचओच्या पुढाकाराने २०१६ मध्ये एक अभ्यास आला होता, डिप्रेशन आणि अँग्झायटीच्या उपचारावर १ डॉलर घातला तर तब्येत आणि कामाच्या रूपाने ४ डॉलर परत येतात असा. तो सगळ्या लोकसंख्येचा आहे, इमर्जन्सीवाल्यांचा म्हणून खपवू नका. तुमच्याकडे त्यापेक्षा चांगला हिशोब घरातच आहे: एक पॅरामेडिक तयार करायला किती खर्च येतो आणि तो सोडून गेला की किती, आजारपणाच्या रजेच्या जागी ओव्हरटाइम किती दिला. हे आकडे डिपार्टमेंटकडे असतातच, मागून घ्या.

एनजीओचं म्हणाल तर तुम्ही काय मोजायला लावता त्यावर सगळं आहे. किती शिबिरं घेतली, किती पत्रकं वाटली हे मोजायला लावलं की शिबिरं आणि पत्रकंच होणार. फोन केल्यापासून पहिली अपॉइंटमेंट किती दिवसांत, सुरू केलेल्यांपैकी किती जणांची ट्रीटमेंट पूर्ण झाली, किती जण कामावर परतून टिकले, हे मोजा. नावं कुठेच नकोत, बिलावर फक्त कोड.

मनाची_डागडुजी

कोडबद्दल हिशोबी काकांना शंभर टक्के पाठिंबा. येणाऱ्यांचा पहिला प्रश्न आजाराचा नसतोच. मॅडम हे ऑफिसला कळेल का, हा असतो. पोलिस असेल तर हत्यार काढून घेतील ही भीती, ड्रायव्हर असेल तर गाडीवरून उतरवून टेबलवर बसवतील ही. आणि ती खोटी नाही, असं होतं. अमेरिकेत कोविडच्या पहिल्या लाटेत लोर्ना ब्रीन या इमर्जन्सी डॉक्टरने आत्महत्या केली. मदत घेतली तर लायसन्स जाईल ही भीती तिला होती असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. तिच्या नावाने २०२२ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी देणारा कायदा झाला. आणि लायसन्सच्या फॉर्मवरचे जुने मानसिक उपचार विचारणारे प्रश्न काढा अशी मोहीम तिथे चाललीये, बऱ्याच ठिकाणी ते बदललेही.

तेव्हा शिफ्ट_सी, फॉर्म बघा आधी तुमच्या खात्यातले. वार्षिक मेडिकलच्या फॉर्मवर मानसोपचार घेतलेत का असा रकाना असेल आणि खाली खोटी माहिती दिल्यास कारवाई असं छापलं असेल, तर कितीही कोटी मंजूर करून आणा, खुर्ची रिकामीच राहील. आजच्या घडीला ड्युटी नीट करता येते का, एवढंच विचारायचा हक्क खात्याला असावा. आणि समुपदेशक खात्याच्या इमारतीत बसवू नका. मी हे करून बघितलंय, साहेबांच्या केबिनवरूनच जायला लागायचं, कोण येणार?

जुनी_शिडी

इमारतीत नको हे बरोबर, पण लांबही नको. रात्रपाळी करून सकाळी दोन बस बदलून कोण जाणारे. आणि त्या माणसाला आमच्या कामाची जरा तरी ओळख पाहिजे. आमच्या एकाने पहिल्याच भेटीत जळीताचं सांगितलं तर समोरची पोरगी रडायला लागली, हा तिलाच पाणी देऊन परत आला. तिची चूक नाही, नवीन होती, कोणी तिला फायर स्टेशन दाखवलंच नव्हतं कधी. समुपदेशकांना एक-दोन शिफ्ट गाडीवर बसवा, हा खर्च पण लिही.

रिटायर झालेल्यांना विसरू नको. नोकरीत असताना पुढचा कॉल असतो, माणूस तगतो. घरी बसल्यावर सगळं एकदम येतं, आणि तेव्हा आयकार्ड जमा केलेलं असतं.

शिफ्ट_सी

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. ड्राफ्ट करायला घेतलाय. हेल्पलाइन काढत नाही, पण ती खाली टाकली. वर रिलीफ क्रू, मग ट्रेनिंग घेतलेले सहकारी आणि त्यांना ड्युटीतून मोकळीक, मग बाहेरची ट्रीटमेंट पूर्ण होईपर्यंत, बिलावर कोड. पात्रता कामावरून, ठेक्यावरचे, कंट्रोल रूम आणि निवृत्त धरून. शिबिराचं काय करू? मीटिंगमध्ये ज्यांनी सुचवलं ते आमचे अध्यक्षच आहेत.

मेडिकलचा फॉर्म आत्ताच काढून बघितला. रकाना आहे. खाली ते वाक्य पण आहे.

कंट्रोलरूमवाली

शिबिर राहू दे, अध्यक्षांना उद्घाटन करू दे. फक्त ह्या लेखाशीर्षातून नको म्हणावं. आणि त्या फॉर्मचा फोटो कागदाला जोडा.

हिशोबी_माणूस

फोटो नको, फॉर्मचा क्रमांक आणि कुठल्या परिपत्रकाने लागू झाला ते लिहा. फोटो कोणी बघत नाही, परिपत्रक क्रमांक दिसला की फाइल संबंधित विभागाकडे पाठवावीच लागते. ड्राफ्ट झाला की इथे टाका, आकड्यांचा भाग मी बघून देतो.